फोटो लहान करा, मग अर्जाला लावा

ताईंनो, २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे अर्ज भरले, तेव्हापासून आधार, पासबुकाचे फोटो चढवणं आपल्याला नवं राहिलं नाही. पण कधी कधी "फाइल मोठी आहे" म्हणून फोटो परत येतो. मग आपण तोच पुन्हा काढत बसतो, नाहीतर कारंज्याच्या सेतू केंद्राची वाट धरतो. एका फोटोपायी मजुरीचा दिवस मोडतो, भाडं वेगळं.

फोटोचं वजन केबी-एमबीत मोजतात. १ एमबी म्हणजे १०२४ केबी. १२ मेगापिक्सेलचा कॅमेरा ४००० बाय ३००० असे १ कोटी २० लाख ठिपके टिपतो. लांबी-रुंदी निम्मी केली की ठिपके उरतात पाव, ३० लाख. पासबुक वाचायला तेवढे पुष्कळ झाले!

म्हणून आधी गॅलरीत 'एडिट'मध्ये जाऊन फोटो क्रॉप करा. सतरंजी, टेबल, आपला अंगठा, सारं कापा. तरी मोठाच असेल तर घरातल्या दुसऱ्या फोनवर व्हॉट्सॲपने पाठवा. तिथे उतरलेली प्रत हलकी असते. मात्र 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर वजन आहे तेवढंच राहतं, आणि 'एचडी' निवडलं तर फार कमी होत नाही. मोठं करून खातं नंबर, आयएफएससी नीट वाचता येतो का, ते पाहा.

"फोटो लहान करून देतो" म्हणणाऱ्या अनोळखी वेबसाइटवर आधार, पासबुक मुळीच टाकू नका. पापडाच्या पाकिटाचा फोटो असेल तर गोष्ट वेगळी.

मूळ फोटो पुसू नका, दुसऱ्या अर्जाला लागतो.