दगडातला फ्रान्स (लेखांक ६) : बोनागिल – उंची रयतेसाठी, जाडी शत्रूसाठी

गेल्या लेखात आपण ल्वार नदीकाठचे महाल पाहिले. रुंद खिडक्या, नक्षीदार धुराडी, आखीव बागा असा तो सगळा थाट. त्यांतल्या शांबोरचे काम १५१९ मध्ये सुरू झाले. त्या सुमारास नैऋत्य फ्रान्समधल्या फ्युमेल गावाजवळच्या रानात बेरांजे द रोकफय हा सरंजामदार भलत्याच वाटेने चालला होता. बोनागिल येथे आधीपासून तेराव्या शतकातला एक छोटा कोट होता. पंधराव्या शतकाच्या अखेरीपासून सुमारे चाळीस वर्षे खपून बेरांजेने त्याचा बलाढ्य किल्ला केला.

राजेरजवाडे किल्ल्यांचे महाल करत असताना हा खटाटोप कशासाठी? उत्तर तोफेत आहे. १४५३ मध्ये कास्तियोंच्या लढाईत फ्रेंच तोफखान्याने इंग्रज फौजेची दाणादाण उडवली आणि शंभर वर्षांचे युद्ध संपले. १४९४ मध्ये आठवा शार्ल इटलीवर चालून गेला, तेव्हा त्याच्या तोफांपुढे तिथल्या जुन्या तटबंद्या टिकल्या नाहीत. शिड्या लावून चढणाऱ्या शत्रूला उंच भिंत अडवत असे. तोफेला मात्र तीच भिंत आयते निशाण ठरली.

बोनागिलची रचना या धड्यातून आली आहे. डोंगराच्या सोंडेवर बसलेल्या या किल्ल्याला सपाटीची वाट उत्तरेकडूनच मिळते. म्हणून तिथे दरवाजापुढे स्वतंत्र पडकोट आहे. तो पडला, तरी शत्रू आणि मुख्य किल्ला यांच्यामध्ये खंदक उरतोच. मुख्य तटाच्या बाहेरून ठेंगणी, जाडजूड भिंत फिरवली आहे. तिच्यात खंदकाच्या तळालगत जंग्या ठेवल्या, म्हणजे आत उतरलेल्या माणसावर बाजूने मारा व्हावा. एका बुरुजाचा पायथा दुसऱ्या बुरुजावरच्या बंदुकांच्या टप्प्यात येईल, अशी ही आखणी आहे. संपूर्ण किल्ल्यात अशा शंभराहून अधिक जंग्या आहेत. त्यांतल्या बऱ्याच लहान तोफांसाठी आणि हातबंदुकांसाठी. मधल्या कातळावरचा बालेकिल्ला जहाजाच्या नाळेसारखा निमुळता आहे. समोरून आलेल्या गोळ्याला सपाट भिंत सापडू नये, हा त्यामागचा हिशेब.

पण मग हाच बेरांजे तीस मीटरहून उंच बुरूज का उभारतो? त्यांच्या माथ्यावर जुन्या पद्धतीचे बाहेर झुकलेले सज्जे का ठेवतो? तोफेच्या दृष्टीने हा वेडेपणाच. इथे किल्ल्याचे दुसरे काम लक्षात घ्यावे लागते. फ्रेंच खेड्यातला सरंजामदार नुसता जमीनमालक नव्हता. तो शेतसारा घेई, न्यायनिवाडा करी. अनेक ठिकाणी रयतेने दळण त्याच्याच गिरणीत दळावे आणि पाव त्याच्याच भट्टीत भाजावा, अशी सक्ती असे. ही सत्ता दुरून दिसली पाहिजे. शेतात राबणाऱ्याने मान वर केली की बुरूज नजरेत भरावा, यासाठी ती उंची. जंग्या शत्रूसाठी होत्या, माथा रयतेसाठी होता.

बेरांजेच्या हयातीत किल्ल्याला मोठा वेढा पडला नाही. अठराव्या शतकात मार्गरीत द फ्युमेल या मालकिणीने तिथे राहण्याच्या सोयी केल्या, ऐसपैस गच्ची बांधली. १७८८ मध्ये ती वारली. पुढच्याच वर्षी, ४ ऑगस्ट १७८९ च्या रात्री, राष्ट्रीय सभेने सरंजामी हक्क मोडीत काढण्याचा निर्णय घेतला. १७ जुलै १७९३ च्या कायद्याने उरलेसुरले हक्कही भरपाईविना गेले. क्रांतीच्या त्या धामधुमीत बोनागिलची छपरे आणि लाकडी तक्तपोशी उतरवली गेली. तोफेच्या भीतीने बांधलेल्या जाड भिंती मात्र उभ्याच राहिल्या.

१८६० मध्ये फ्युमेलच्या नगरपालिकेने हा किल्ला विकत घेतला आणि १८६२ मध्ये तो राष्ट्रीय वारसा वास्तूंच्या यादीत गेला. आज तो सर्वांसाठी खुला आहे. बेरांजेला जुनाट म्हणून हसणे सोपे आहे, पण ते बरोबर नाही. तोफेचे गणित त्याने अचूक सोडवले होते. चूक झाली ती रयतेच्या हिशेबात.

पुढील लेखात : सरंजामदाराची गिरणी, भट्टी आणि कबुतरखाना.