ॲडिसन अव्हेन्यूवरचं लाकडी गॅरेज

कॅलिफोर्नियातल्या पालो अल्टो गावात ॲडिसन अव्हेन्यूवर ३६७ क्रमांकाचं एक दुमजली घर आहे, १९०५ सालचं. घराशेजारून एक अरुंद वाट मागे जाते आणि तिच्या टोकाला लाकडी फळ्यांचं, उतरत्या छपराचं, एका गाडीपुरतं गॅरेज उभं आहे. रुंदी १२ फूट, लांबी १८ फूट. आपल्याकडच्या चाळीतल्या दोन खोल्या एकापुढे एक ठेवल्या तर जेवढी जागा होईल, साधारण तेवढीच. ह्युलेट-पॅकार्ड कंपनीची पहिली कार्यशाळा ती हीच.

१९३८ साली बिल ह्युलेट आणि डेव्ह पॅकार्ड हे स्टॅनफर्डचे दोन इंजिनिअर जागा शोधत होते. दोघांचीही वयं पंचविशीच्या आसपास. डेव्ह यांचं त्याच वर्षी ल्युसिल यांच्याशी लग्न झालं होतं आणि जनरल इलेक्ट्रिकमधल्या नोकरीतून रजा घेऊन ते न्यूयॉर्क राज्यातल्या स्केनेक्टडीहून परत आले होते. महिना ४५ डॉलर भाड्यात तळमजला मिळाला, तो पॅकार्ड दांपत्यासाठी. मागच्या अंगणात एक शेड होती. तिथे बिल यांनी आपला बिछाना टाकला. आणि गॅरेज मिळालं कामाला. ही जागा निवडताना गॅरेजचाच विचार मुख्य होता. राहायची सोय त्याच्याभोवती बसवली गेली.

कार्यशाळा मांडायला लागलेलं भांडवल ५३८ डॉलर. त्यात रोख पैसेही आले आणि सामानही. सगळ्यात मोलाची वस्तू म्हणजे सीअर्स रोबक कंपनीचं एक वापरलेलं ड्रिल प्रेस. डेव्ह यांनी ते स्केनेक्टडीहून गाडीच्या मागच्या उघड्या सीटवर ठेवून आणलं होतं. देशाच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला येताना माणूस काय सोबत घेतो, यावरून त्याच्या मनात काय चाललं आहे ते कळतं. डेव्ह यांच्या मनात पत्र्याला सरळ, नेमकी भोकं पाडायचं काम होतं.

अमेरिकेत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोटारी वाढल्या, तशी घरोघरी अशी लाकडी गॅरेजं उभी राहिली. त्यांना आतून गिलावा नाही, छत नाही. उभे वासे उघडे असतात आणि बाहेरच्या फळ्या त्यांनाच ठोकलेल्या असतात. राहायला ही जागा गैरसोयीची, पण हाताने काम करणाऱ्याला सोन्यासारखी. हवा तिथे खिळा ठोकावा, हवी तिथे फळी बसवावी, वाशांच्या मधल्या खाचांत डबे, बरण्या, तारांची भेंडोळी लावावीत. भिंत खराब होईल ही धास्तीच नाही. दारं पूर्ण उघडली की कामाच्या टेबलावर भरपूर उजेड पडतो.

त्याचे तोटेही तितकेच खरे. फळ्यांच्या फटींतून धूळ येते, ओल येते. जमिनीलगतचं लाकूड सगळ्यात आधी कुजतं, आणि ते कुजलं की अख्खा सांगाडा एका अंगाला कलू लागतो. जुनं लाकडी गॅरेज साफ करायला घेतलं, तर मांडणीचा विचार नंतर करावा. आधी सगळं सामान बाहेर काढून खालची कडा टोकदार पेचकसाने टोचून पाहावी. पेचकस आत रुतला तर तिथून सुरुवात. त्यानंतर पाण्याचा उतार, मग वीज, आणि कामाचं टेबल शेवटी. हा क्रम उलटा केला की दोन पावसाळ्यांत टेबल, अवजारं आणि उत्साह तिन्ही गंजतात.

ॲडिसन अव्हेन्यूवरच्या गॅरेजात सुरुवातीला मिळेल ते काम घेतलं जाई. हार्मोनिका सुरात लावायचं यंत्र, बोलिंगच्या खेळात खेळाडूने रेघ ओलांडली की इशारा देणारं उपकरण, दुर्बीण फिरवणाऱ्या मोटारीचं नियंत्रण अशी ती कामं. पण या जागेचं नाव झालं ते ऑडिओ ऑसिलेटरमुळे. ठरावीक वारंवारतेचा शुद्ध विद्युत संकेत निर्माण करून ध्वनियंत्रणा तपासण्याचं हे उपकरण. मूळ कल्पना बिल यांच्या स्टॅनफर्डमधल्या प्रबंधातली. अशा उपकरणाच्या विद्युत मंडलात एक जुनी अडचण होती. संकेत एक तर मरून जाई, नाही तर वाढत वाढत विकृत होई. बिल यांनी त्या मंडलात एक छोटासा तारेचा दिवा बसवला. संकेत वाढला की दिव्यातून जास्त प्रवाह जातो, तार तापते, तिचा रोध वाढतो आणि संकेत पुन्हा जागेवर येतो. कमी झाला की याच्या उलट. काही पैशांच्या दिव्याने महागड्या यंत्रणेचं काम केलं. मला विचाराल तर या सगळ्या कहाणीतली सर्वांत सुंदर गोष्ट हा दिवा आहे.

त्या उपकरणाला त्यांनी मॉडेल २०० ए असं नाव दिलं. कंपनी अगदीच नवखी वाटू नये, म्हणून आकडा थेट दोनशेपासून. किंमत ५४ डॉलर ४० सेंट. कामाची वाटणी सरळ होती: मंडलं बिल यांची, बनावट डेव्ह यांची. पत्रा कापणं, वाकवणं, भोकं पाडणं हे गॅरेजात. पॅनेलला रंगाचा फवारा मारला की तो भाजून पक्का करायला ल्युसिल यांच्या स्वयंपाकघरातला ओव्हन. त्यानंतर त्या ओव्हनमधल्या मांसाला पूर्वीची चव कधी आली नाही, असं त्या पुढे सांगत. पहिल्या उपकरणाचा फोटो घरातल्या शेकोटीच्या वरच्या फळीवर ठेवून काढला. माहितीपत्रक तयार करून पंचवीसेक संभाव्य ग्राहकांना पाठवलं. ती यादी त्यांचे प्राध्यापक फ्रेड टर्मन यांनी दिली होती. १९३९ च्या जानेवारीत ऑर्डरी येऊ लागल्या, काहींसोबत धनादेशही. १ जानेवारी १९३९ रोजी भागीदारी रीतसर झाली. कोणाचं नाव आधी, हे नाणं उडवून ठरलं. पुढे वॉल्ट डिस्नेच्या स्टुडिओने 'फॅन्टेशिया' चित्रपटाच्या ध्वनियंत्रणेसाठी सुधारित २०० बी मॉडेलचे आठ ऑसिलेटर घेतले. पहिल्या वर्षाची विक्री ५,३६९ डॉलर झाली, नफा १,५६३ डॉलर.

या गॅरेजची कथा नेहमी दोन तरुणांची म्हणून सांगितली जाते. ती अपुरी आहे. ल्युसिल स्टॅनफर्डच्या कार्यालयात नोकरी करत होत्या. घर त्या पगारावर उभं होतं, आणि कंपनीचा पत्रव्यवहार व हिशेब संध्याकाळी त्याच बघत. टर्मन सरांनी डेव्ह यांना शिष्यवृत्ती मिळवून दिली, ग्राहकांची नावं दिली, विद्यापीठाची दारं उघडी ठेवली. जवळच्या रेडवुड सिटीत चार्ली लिटन यांची सुसज्ज कार्यशाळा होती. गॅरेजात न होणारं काम तिथे जाऊन करायची मुभा या दोघांना होती. १२ बाय १८ फुटांची जागा पुरली, ती यामुळे. ज्या तरुणांना गॅरेजची गोष्ट सांगून 'तुम्हीही करा' म्हटलं जातं, त्यांना हा भागही सांगायला हवा.

पुढे काम वाढलं आणि कंपनी पेज मिल रोडवरच्या भाड्याच्या इमारतीत गेली. गॅरेज पुन्हा गॅरेज झालं. १९८७ साली कॅलिफोर्निया राज्याने त्याला ९७६ क्रमांकाचं ऐतिहासिक स्थळ ठरवलं आणि दाराशी 'सिलिकॉन व्हॅलीचं जन्मस्थान' अशी पाटी लागली. ही पदवी मला थोडी उदारहस्ते दिलेली वाटते. या गॅरेजात सिलिकॉन नव्हतंच, काचेच्या व्हॅक्यूम ट्यूब होत्या. शिवाय त्याच गावात, एमर्सन स्ट्रीटवर, फेडरल टेलिग्राफ कंपनीच्या प्रयोगशाळेत ली डी फॉरेस्ट यांनी १९१२ च्या सुमारास ट्यूबच्या ॲम्प्लिफायरवर काम केलं होतं, तेही पाव शतक आधी. पण जन्मस्थान म्हणा वा न म्हणा, जागा जपली गेली हे फार चांगलं झालं.

कंपनीने २००० साली ही वास्तू १७ लाख डॉलरना विकत घेतली आणि २००५ मध्ये तिचं जतनकाम पूर्ण केलं. याच वास्तूचा तळमजला, शेड आणि गॅरेज मिळून सारं पूर्वी महिना ४५ डॉलर भाड्यात मिळालं होतं. असं लाकडी बांधकाम पाडून तसंच नवं बांधणं सोपं असतं. इथे तो मोह टाळून जुनं लाकूड राखत बांधणी भक्कम केली गेली. आत कामाचं टेबल आणि त्या काळची अवजारं मांडली गेली. दोन वर्षांनी, २००७ मध्ये, ही वास्तू अमेरिकेच्या राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या नोंदीत आली.

मुलं-सुना कॅलिफोर्नियातल्या बे एरियात असल्यामुळे तिकडे जाणाऱ्या मराठी मंडळींनी पालो अल्टोत ही जागा जरूर पाहावी. ती संग्रहालयासारखी लोकांना खुली नाही, आत जाता येत नाही. भोवती राहती वस्ती आहे, तेव्हा फूटपाथवर उभं राहूनच पाहावं. वाटेच्या टोकाचं गॅरेज तिथून नीट दिसतं.