बिलुंडचा साचा

खेळणी करणाऱ्या एखाद्या कारखान्याचा परिचय लिहा, असे संपादकांनी सुचविले तेव्हा मी लेगोच्या ठोकळ्यांकडे वळलो तो त्यांच्या रंगांच्या ओढीने. परंतु त्या कारखान्याच्या जमाखर्चाची माहिती घेता घेता ‘पुनर्रचनेचा खर्च’ या एका बाबीपाशी मन जे अडकले ते अद्याप सुटलेले नाही.

पूर्वेतिहास थोडक्यात सांगता येतो. डेन्मार्कमधील बिलुंड या खेड्यात ओले कर्क क्रिस्टियान्सन नावाच्या सुताराने, मंदीच्या दिवसांत बांधकामे आटली म्हणून, १९३२ साली लाकडी खेळणी करावयास घेतली. आणि २८ जानेवारी १९५८ रोजी त्याचा मुलगा गॉटफ्रेड याने आजच्या प्लास्टिकच्या ठोकळ्याच्या पेटंटसाठी अर्ज केला.

या ठोकळ्याचे मर्म त्याच्या माथ्यावरील उंचवट्यांत आणि पोटातील पोकळ नळ्यांत आहे. खालच्याचे उंचवटे वरच्याच्या नळ्या व भिंती यांच्यामध्ये अशा बेताने रुततात की, लहान मुलाच्या कोवळ्या बोटांनाही ते सोडविता यावेत, पण उंच मनोरा रचला तरी आपसूक सुटू नयेत. हा बेत साधतो तो पोलादी साचा. वितळलेले प्लास्टिक प्रचंड दाबाने त्यात शिरते, काही क्षणांत थिजते आणि ठोकळा बाहेर पडतो. मिलिमीटरच्या काही सहस्रांशांइतका फरक पडला तरी पकड बिघडते. १९५८ चा ठोकळा आजच्या ठोकळ्यात निमूटपणे बसतो, यामागे साचे घडविणाऱ्या, त्यांना झिलई देणाऱ्या आणि कोणता साचा झिजू लागला हे वेळीच ओळखणाऱ्या कारागिरांचा पिढ्यांचा हात आहे, आणि त्या हातांविषयी मला निरतिशय आदर वाटतो.

२००४ साली या संस्थेला सुमारे १९० कोटी डॅनिश क्रोनरचा तोटा आला. संस्थापकांच्या घराण्याबाहेरचा पहिला मुख्याधिकारी, पस्तीस वर्षांचा यॉर्गन विग क्नुडस्टॉर्प, याने क्रीडोद्याने विकली, ठोकळ्यांचे सुमारे १३ हजार प्रकार ७ हजारांवर आणले, आणि २००६ मध्ये उत्पादनाचा बराच भाग फ्लेक्स्ट्रॉनिक्स या परक्या कंपनीकडे सोपविण्याचे जाहीर केले. बिलुंडमधील सुमारे ९०० आणि अमेरिकेतील एन्फील्ड येथील सुमारे ३०० नोकऱ्यांवर त्यामुळे गदा आली.

डेन्मार्कात नोकरी जाणे म्हणजे तत्काळ उपासमार नव्हे, हे न्यायाने सांगितले पाहिजे. पगारी कर्मचाऱ्यांना सेवाकालानुसार १ ते ६ महिन्यांची पूर्वसूचना देण्याचे मालकावर कायदेशीर बंधन आहे, आणि बेकारी निधीच्या सभासदांना ठरावीक मर्यादेपर्यंत भत्ता मिळतो. या निरोपाची किंमत हिशेबात कशी धरावी, याचाही शिरस्ता आहे. पुनर्रचनेचा तपशीलवार आराखडा तयार होऊन संबंधितांना त्याची खात्रीलायक चाहूल लागली म्हणजे त्यासाठी तरतूद करावी, असे आंतरराष्ट्रीय लेखा-मानक ३७ सांगते. मात्र मागे राहणाऱ्या कर्मचाऱ्यांना नव्याने शिकविण्याचा वा दुसरीकडे हलविण्याचा खर्च या तरतुदीत धरू नये, असेही तेच मानक बजावते. तो खर्च भविष्यातील कारभाराचा आहे, हे त्यामागचे कारण सयुक्तिक आहे, आणि लेखापालांना मी दोष देत नाही. तरीही गेलेल्याला दिलेली रक्कम एका बाबीखाली स्पष्ट दिसावी आणि त्याच्याबरोबर गेलेले कसब पुन्हा उभे करण्याचा खर्च इतर असंख्य खर्चांत विखरून जावा, ही गोष्ट मला अस्वस्थ करते. कारण संचालकांच्या टेबलावर तुलनेसाठी येतो तो पहिलाच आकडा.

साचा पेटीत घालून परदेशी धाडता येतो. तो चालविणाऱ्याच्या अंगवळणी पडलेले ज्ञान त्या पेटीत जात नाही. वर्षानुवर्षे जे बिलुंडमध्ये एकमेकांना विचारून भागत होते, ते परक्या हाती देताना लिहून काढणे प्राप्त झाले. त्यातच खेळण्यांची विक्री मुख्यत्वे नाताळाच्या तोंडावर उसळते. कोणत्या संचाला मागणी येईल हे अखेरच्या आठवड्यांपर्यंत कळत नाही, आणि कराराने बांधलेल्या दूरच्या कारखान्याला त्या लहरीप्रमाणे फिरविणे दुष्कर ठरले. २००८ च्या जुलैत लेगोने करार आटोपता घेण्याचे जाहीर केले व कामाचा ताबा पुन्हा स्वतःकडे घेतला.

पुढे भरभराटीची वर्षे आली, माणसे भराभर भरती झाली. सप्टेंबर २०१७ मध्ये विक्री घसरताच १८,२०० कर्मचाऱ्यांपैकी सुमारे १,४०० जणांना कमी करण्याचे ठरले, आणि त्यांतील ५०० ते ६०० जण बिलुंडचे होते, जेथे वस्तीच अवघी सहा-सात हजारांची आहे.