बागेंतील अळंबीं व त्यांची परीक्षा

आर्द्रांचा पाऊस लागून मध्यें एकदोन दिवस उघडीप पडली, कीं कोंकणांतील आगरांतून अळंबीं वर येऊं लागतात. त्यांच्या भाजीची रुचि आम्ही वर्णावी असें नाहीं. परंतु ती चुलीवर चढण्यापूर्वीं काय पाहावें, याविषयीं शेतकरीवर्गांत गैरसमज फार आहेत.

भांड्यांत चांदीचा रुपया टाकावा व तो काळा न पडल्यास अळंबीं निर्दोष मानावीं, या समजुतीस कांहीं आधार नाहीं. लसणीची परीक्षाहि त्याच मासल्याची. एके वर्षीं आम्ही रुपयावर विसंबलों. रुपया लखलखीत राहिला आणि तीन तासांच्या आंत घरचीं चार माणसें ओकाऱ्या व ढाळ यांनीं आडवीं झालीं.

वारुळाचें खरें अळंबें वाळवीच्या आश्रयानें वाढतें. वाळवी जमिनीखालीं पालापाचोळ्याचें स्पंजासारखें पोळें रचून त्यावर ही बुरशी पोसते. शास्त्रांत हिला टर्मिटोमायसिस म्हणतात. वर वारूळ दिसलेंच पाहिजे असें नाहीं. अळंबें ओढून न काढतां भोंवतालची माती उकरावी. मोठ्या जातींत दांडा मुळासारखा निमुळता होत, कधीं कधीं हातभर खोल, त्या पोळ्यापर्यंत गेलेला आढळतो. छत्रीच्या मध्यावर बहुधा टोंकदार उंचवटा असतो.

आम्हांस फसविणारें अळंबें क्लोरोफायलम मॉलिब्डायटीस या जातीचें असावें. तें हिरवळीवर उगवतें. छत्री मोठी व पांढरी, तीवर तपकिरी खवले, दांड्यास कंकण. खालीं मूळ नाहीं. छत्रीखालचे पापुद्रे कोंवळेपणीं पांढरेच असतात, हिरवट छटा मागाहून येते; तेथेंच आम्ही चुकलों.

यासाठीं उमललेली छत्री देंठ कापून पांढऱ्या कागदावर पालथी ठेवावी व वर वाटी झांकावी. सकाळीं कागदावर पूड पडलेली दिसते. हिरवट पूड त्या विषारी जातीची. वारुळाच्या अळंब्याची फिकट गुलाबी असते. पूड पांढरी पडली म्हणून निर्भय होऊं नये, कारण प्राणघातक अमॅनिटांचीहि पूड पांढरीच. त्यांच्या विषाचीं लक्षणें पुष्कळदां सहा तासांनंतर दिसतात, मध्यें बरें वाटतें, आणि तोंवर यकृत बिघडूं लागलेलें असतें. शिजविल्यानें तें विष जात नाहीं. मूळ व गुलाबी पूड या दोन्ही खुणा न जुळल्यास आम्ही आतां अळंबें घरांत घेत नाहीं.

त्या रात्रीं डॉक्टरांनीं प्रथम उरलेलें अळंबें पाहावयास मागितलें; तें आम्ही आधींच उकिरड्यावर टाकलें होतें.