मागे गेला आणि पुढे निघाला: क्रिस्टोफर आयर

कोचने तुमची आवडती पोझिशन काढून घेतली आणि म्हणाला, ‘तू मागे खेळ’, तर कसं वाटेल? डिमोशनच ना? मग ही गोष्ट ऐकाच.

क्रिस्टोफर आयर. जन्म 1998, नॉर्वे. तिथल्या स्टार्ट या क्लबचा हा मिडफिल्डर. वयाच्या 16व्या वर्षी, म्हणजे आपल्याकडे पोरं दहावी-अकरावीत असतात तेव्हा, तो सीनियर टीमचा कॅप्टन झाला!

2016 मध्ये स्कॉटलंडच्या सेल्टिकने त्याला घेतलं. पण तिथे लगेच जागा मिळाली नाही. 2017 च्या सुरुवातीला त्याला किल्मार्नॉककडे लोनवर पाठवलं. लोन म्हणजे करार सेल्टिकशीच, पण काही महिने खेळायचं दुसऱ्या क्लबकडून. परत आल्यावर तो टीममध्ये पक्का झाला, पण सेंटर-बॅक म्हणून. म्हणजे गोलकीपरच्या पुढची भिंत.

आता गंमत बघा. मिडफिल्डरची सवय काही सुटली नाही. बरेच डिफेंडर बॉल लांब मारून मोकळे होतात. आयर मात्र बॉल पायात घेऊन सरळ पुढे घुसतो. त्याला अडवायला समोरचा कुणीतरी जागा सोडतो आणि तिथेच आयरचा साथीदार मोकळा सापडतो.

2021 मध्ये ब्रेंटफर्ड पहिल्यांदा प्रीमियर लीगमध्ये पोचलं आणि त्याच उन्हाळ्यात त्यांनी आयरला घेतलं.

पोझिशन बदलली, पण शिकलेलं वाया गेलं नाही. नॉर्वेची मॅच लागली की बघा, मागून बॉल घेऊन निघालेला तो उंच गडी!