द्यूतप्रतिपदा आणि मटक्याचा आकडा

दिवाळीतल्या पाडव्याला आपण बलिप्रतिपदा म्हणतो. धर्मग्रंथांत तिचे आणखी एक नाव आहे, द्यूतप्रतिपदा. त्या दिवशी सकाळी द्यूत खेळावे आणि जो जिंकेल त्याचे वर्ष चांगले जाईल, असा संकेत. याउलट मनुस्मृती राजाला राज्यातून द्यूत हद्दपार करायला सांगते. मग धर्माची जुगाराला मुभा आहे की मनाई? हा प्रश्न मला पडला तो माझ्या मामांमुळे.

मामा मटका खेळत. न्यूयॉर्कच्या कापूसबाजारातील भावांवर सुरू झालेला हा खेळ 1960च्या दशकात मुंबईत मडक्यातल्या चिठ्ठ्यांवर आणि पुढे पत्त्यांवर आला. मामा निर्व्यसनी, एकादशी न चुकवणारे. आकड्यासाठी ते एका मौनी बाबांकडे जात. बाबांनी दोन बोटे वर केली की दुरी, रिकामे ताट सरकवले की मिंडी, म्हणजे शून्य. आकडा लागला तर बाबांची कृपा, हुकला तर खूण ओळखण्यात मामांची चूक. या हिशेबात श्रद्धा कधीच हरत नव्हती, हरत होते ते मामा.

मानसशास्त्रज्ञ स्किनर यांनी 1948 साली कबुतरांवरचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. कबुतर काहीही करो, दाणे ठरावीक वेळानेच पडत. तरीही दाणे पडताना जी हालचाल चालू होती, तीच बहुतेक कबुतरे पुन्हा पुन्हा करू लागली. योगायोगात कारण शोधण्याची ही खोड माणसातही आहे. श्रद्धा त्या कारणाला देवाचे नाव देते.

आपल्या परंपरेने ही ओढ फार पूर्वी ओळखली होती. ऋग्वेदाच्या अक्षसूक्तात बेहड्याच्या फाशांनी घर धुळीला मिळालेला जुगारी भेटतो आणि शेवटी त्याला शेती करण्याचा सल्ला मिळतो. त्याच वैदिक परंपरेत राजसूय यज्ञात फासे टाकणे हा विधी होता. वेरूळच्या रामेश्वर लेण्यात तर खुद्द शिवपार्वती सारीपाट खेळताना दिसतात. मला यात विसंगती वाटत नाही. विधीतला डाव ठरल्या दिवशी मांडला जातो आणि संपतो. मटका रोज उघडतो, रोज बंद होतो. विधीची मर्यादा गळून पडली आणि दैवी संकेतावरचा विश्वास तेवढा उरला, की तो माणसाला थांबू देत नाही.

मामा गेल्यावर त्यांची वही सापडली. बाबांच्या खुणा तारीखवार लिहिलेल्या होत्या. मामींच्या पाटल्या कधी मोडल्या, याची नोंद मात्र कुठेच नव्हती.