सोन्याचा आरसा

वरूड तालुक्यात आंबिया बहाराची संत्री हिवाळ्यात तोडणीला येतात. बागेचे पैसे हाती आले, घरात लग्न ठरलं, की पावलं सराफाकडे वळतात. नवा गोफ घ्यायचा म्हणून आजीची एकदाणी मोडीत जाते. वजन होतं, हिशेब होतो, मणी मुशीत वितळतात. मागे उरलाच तर फोटो उरतो. तो नीट काढणं ही स्वतंत्र कारागिरी आहे.

चकचकीत सोनं म्हणजे आरसाच. खिडकी, काळी लेन्स, फोटो काढणाऱ्याचा सदरा, सगळं त्यात उतरतं. म्हणून जाणता छायाचित्रकार दागिन्याआधी त्याचा भोवताल मांडतो. पांढऱ्या कापडाचा छोटा तंबू उभारायचा, दिवे बाहेर ठेवायचे. आत मऊ उजेड पसरतो. पण सगळंच पांढरं झालं तर सोनं सपाट दिसतं. मग बाजूला काळ्या कार्डाची पट्टी उभी करतात. तिची सावळी रेघ कडेवर उमटली की मण्याची गोलाई दिसते. मोत्याला मऊ उजेड मानवतो. हिरा मात्र बारीक, थेट दिव्यानेच लखलखतो.

मॅक्रो लेन्सने नथ अगदी जवळून टिपताना जेमतेम मिलिमीटर-दीड मिलिमीटर भाग स्पष्ट येतो. म्हणून कॅमेरा तिपाईवर पक्का करून, फोकस तीळतीळ सरकवत अनेक फोटो घेतात आणि संगणकावर जोडतात. यालाच फोकस स्टॅकिंग म्हणतात.

रंगाचा प्रश्न सर्वांत जुना. मुंबईत 1854 साली फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. त्या काळच्या फोटोच्या काचांवर निळा उजेड चटकन उमटे, पिवळा जवळजवळ नाहीच. सोनं काळपट येई. 1873 मध्ये जर्मनीत हेर्मान फोगेल यांनी काचेवरच्या लेपात रंगद्रव्य मिसळून यातून वाट काढली. आजचा कॅमेरा पिवळा ओळखतो, पण दिव्याच्या रंगाने फसतो. म्हणून आधी राखाडी कार्डावर रंग जुळवून घ्यावा लागतो. 22 कॅरेटचं सोनं 24 कॅरेटचं भासवणारा फोटो कितीही देखणा असला तरी खोटा.

1 एप्रिल 2023 पासून हॉलमार्कच्या नव्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी हा ओळख क्रमांक सक्तीचा झाला. आजीच्या एकदाणीवर तो नाही. तिची ओळख घरच्यांच्या डोळ्यांतच आहे. म्हणून विनंती एवढीच: दागिना मोडीत घालण्याआधी खिडकीशी पांढऱ्या कागदावर ठेवा, शेजारी मोजपट्टी ठेवा, पुढून-मागून फोटो काढा. वजन आणि आजीचं नाव लिहून ठेवा. सोनं पुन्हा घेता येईल, ती घडण पुन्हा मिळणार नाही.